पदवीनंतरची पस्तीस वर्षे

पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या अलीकडे कुरुळी म्हणून जे गाव आहे, तेथील एक गृहस्थ गेल्या पंधरवड्यात आमचेकडे कायद्याचा एक प्रश्न घेऊन आले होते. एके काळी कांदा-बटाट्याच्या हंगामावर जगणारा हा मुलूख आता कारखान्यांच्या भोंग्यावर उठतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. या गृहस्थांचे आडतीचे दुकान आहे. त्यांच्या कन्येने इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली असून, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी खात्यात ती तीन वर्षे कामास आहे. मुलीने एका वहीत आपल्या पुढील वर्षांचा आराखडा मांडला आहे : अमुक साली नोकरी सांभाळून पदवी, अमुक साली यंत्रमानवाच्या जुळणीचे शिक्षण, आणि दहा वर्षांनी स्वतंत्रपणे एक खाते चालविण्याची पात्रता. बापाने ती वही आम्हांस दाखविली, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर अभिमान व काळजी यांचे मिश्रण होते. कारण मुलीस एक चांगले स्थळ सांगून आले आहे. वरपक्षास मुलीचे शिक्षण पसंत आहे, पगारही पसंत आहे. मात्र लग्नानंतर नोकरीचे काय, या प्रश्नास त्यांनी एकाच शब्दात उत्तर दिले, आणि तो शब्द 'पाहू' हा होय. सबब नोकरी सोडावयास लावणार नाही, अशी अट मुद्रांकाच्या कागदावर लिहून घेता येईल काय, असा गृहस्थांचा प्रश्न होता.

वकील या नात्याने आम्ही त्यांस सांगितले की, असा कागद न्यायालयात फारसा उपयोगी पडणार नाही. संसार हा खरेदीखताप्रमाणे नोंदवून घेता येत नाही. परंतु ते निघून गेल्यावर त्यांचा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला, आणि त्याबरोबर एका थोर स्त्रीचे चरित्र आठवले, जिने हाच प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयात उभे राहून, तुरुंगाची तयारी ठेवून सोडविला. त्या स्त्रीचे नाव डॉक्टर रखमाबाई. त्यांचा खटला पुष्कळांच्या कानी आहे. त्यांचे आयुष्य मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे, आणि आम्हांस आज त्या आयुष्याविषयीच लिहावयाचे आहे.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईस झाला. आई जयंतीबाई चौदाव्या वर्षी विवाहित, पंधराव्या वर्षी माता आणि सतराव्या वर्षी विधवा झाली. पुढे तिने डॉक्टर सखाराम अर्जुन यांजबरोबर पुनर्विवाह केला. 1856 च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाची वाट मोकळी केली खरी, परंतु त्याच कायद्यान्वये पुनर्विवाहितेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपत असे. ती मालमत्ता लहानग्या रखमाबाईच्या नावे झाली. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील कज्जाच्या मुळाशी तीच आहे, असे मानणारे तेव्हाही होते.

सखाराम अर्जुन हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकविणारे वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधींवर त्यांनी ग्रंथ लिहिला. 1883 साली मुंबईत निसर्गेतिहासाच्या अभ्यासाकरिता जी मंडळी स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत जे दोन एतद्देशीय होते त्यांपैकी ते एक होत. असा माणूस घरात वावरत असता शास्त्र ही परक्यांची मिरासदारी आहे असे मुलीस वाटण्याचे कारण उरत नाही. मुली शास्त्राकडे का वळत नाहीत याची चर्चा करणाऱ्यांनी शाळेच्या फळ्याइतकेच घराच्या ओसरीकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. तथापि अशा घरातही रूढीपुढे कोणाचे चालले नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजी यांजबरोबर झाले. मुलगी माहेरीच राहिली व वाचीत राहिली. नवऱ्याने विद्येकडे लक्ष दिले नाही. वर्षे गेली तसतसे दोघांतील अंतर वाढत गेले, आणि वयात आल्यावर रखमाबाईंनी सासरी जाण्यास साफ नकार दिला.

1884 साली दादाजीने वैवाहिक हक्क परत मिळावेत म्हणून दावा लावला. 21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. त्यांच्या निकालाचे सार असे की, जेथे सहजीवन कधी सुरूच झाले नाही, तेथे ते परत देववावे कसे. आणि अशा प्रकारचा दावा ही मूळची हिंदू धर्मशास्त्राची वस्तू नसून विलायतेच्या धर्मन्यायालयांतून येथे आलेली आहे. आमचे मते हा निकाल तर्काच्या कसोटीस उतरणारा होता. परंतु 1886 साली मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी तो फिरविला आणि प्रकरण पुनः चौकशीस पाठविले. रखमाबाईंच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत काशिनाथ त्रिंबक तेलंग होते, हे आम्ही वकीलवर्गाच्या वतीने अभिमानाने नमूद करतो. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, तो असा की एक महिन्याच्या आत रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जावे, न गेल्यास सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी कळविली.

आता तारखांचा एक मेळ पाहा. फॅरन यांच्या हुकुमाच्या आठवडाभर आधी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पुण्यात आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले. अमेरिकेत 1886 साली वैद्यकीची पदवी घेऊन आलेली ही महाराष्ट्रकन्या तेव्हा बाविसाव्या वर्षात होती. कोल्हापूरच्या रुग्णालयात तिची नेमणूक झाली होती. ती तेथे रुजू होऊ शकली नाही. रखमाबाई आनंदीबाईंहून चारच महिन्यांनी मोठ्या. म्हणजे एका आठवड्यात महाराष्ट्राने आपली एक डॉक्टर गमावली, आणि दुसरी जी होणार होती तिला नवऱ्याचे घर व तुरुंग यांत निवड करण्यास सांगितले.

या प्रसंगी आमच्या राष्ट्रीय पक्षाच्या वृत्तपत्रांनी काय केले, हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. 'केसरी'ने रखमाबाईंवर कठोर टीका केली. परकीय सरकारच्या न्यायालयाने आमच्या घरात हात घालू नये, ही त्यामागील भूमिका. स्वराज्याच्या लढ्यात आम्ही त्या परंपरेचे ऋणी आहोत व राहू. परंतु या एका प्रकरणी तिची तराजू चुकली, असे आमचे स्पष्ट मत आहे. परक्यांचे कायदे नकोत म्हणणाऱ्यांनी तो दावाच मुळी परक्यांच्या कायद्यातून आला आहे, याकडे डोळेझाक केली. इतका साधा कायद्याचा मुद्दा त्या काळच्या कायदेपंडितांच्या ध्यानात येऊ नये, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

दुसऱ्या बाजूस मुंबईत रखमाबाईंच्या साहाय्यार्थ मंडळी एकत्र झाली होती. त्यांत बेहरामजी मलबारी होते, एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ होते. खुद्द रखमाबाईंनी 1885 साली 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रात 'एक हिंदू स्त्री' या नावाआड बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे लिहिली होती. अखेर जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. 2000 रुपये घेऊन दादाजीने हुकूमनाम्याची बजावणी न करण्याचे मान्य केले. व्यापारी वाचकांनी हा आकडा मनात धरावा. एका स्त्रीस आपल्या आयुष्याची योजना करण्याची मोकळीक 2000 रुपयांस विकत घ्यावी लागली, आणि तीही चार वर्षांच्या कज्जानंतर.

येथपर्यंतची कथा सर्वांस ऐकून ठाऊक असते. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते यापुढील.

कज्जा संपला तेव्हा रखमाबाई चोविसाव्या वर्षात होत्या. नावाचा गाजावाजा देशात व विलायतेत झाला होता. त्या गाजावाजावर त्यांस सभा गाजविता आल्या असत्या, आणि लोकांनी ते मान्यही केले असते. त्यांनी तसे केले नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षे आपण काय काम करणार हे आधी ठरवून, त्या कामास लागणारे एकेक साधन त्यांनी क्रमाने जमविले. पहिली गोष्ट मार्गदर्शन. मुंबईच्या कामा रुग्णालयात एडिथ पीची या विदुषी डॉक्टर होत्या. एडिंबरोच्या विद्यापीठाचे दार ठोठावणाऱ्या पहिल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. स्त्रीने डॉक्टर होताना वाट कोठे कोठे अडते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? दुसरी गोष्ट पैसा. तो वर्गणीतून उभा राहिला. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनी 500 रुपये दिले. तिसरी गोष्ट विद्यालय. 1889 साली त्या विलायतेस गेल्या व लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या.

चौथी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही, आणि आम्हांस तीच सर्वांत शिकण्यासारखी वाटते. ते लंडनचे विद्यालय शिकवीत असे, परंतु वैद्यकी करण्याचा परवाना देण्याचा अधिकार त्यास नव्हता. लंडनमधील वैद्यांच्या व शस्त्रवैद्यांच्या ज्या राजमान्य संस्था, त्यांनी विसाव्या शतकाचे पहिले दशक सरत येईपर्यंत स्त्रियांस परीक्षेस बसू दिले नाही. म्हणजे शिक्षण एका ठिकाणी, व त्यावर मोहोर दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती. रखमाबाईंनी 1894 साली स्कॉटलंडमधील एडिंबरो व ग्लासगो येथील संस्थांची संयुक्त परीक्षा देऊन परवाना मिळविला, आणि वर बेल्जममधील ब्रुसेल्सची एम.डी. ही पदवी घेतली. जेथे दार बंद तेथे डोके आपटीत बसण्याऐवजी, कोणते दार उघडे आहे याची आधी चौकशी करून तिकडे जाणे, याला धोरण म्हणतात. कुरुळीच्या मुलीच्या वहीत जे रकाने आहेत, ते याच जातीचे आहेत.

पुढे नोकरी. 1885 साली लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांस वैद्यकीय मदत पोचविण्याकरिता जो निधी स्थापन झाला, त्यामुळे स्त्री-डॉक्टरांच्या जागा ठिकठिकाणी निर्माण होत होत्या. रखमाबाई 1895 च्या सुमारास सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या, आणि तेथे दोन तपांच्या जवळपास राहिल्या. मुंबई सोडून सुरत का, असे कोणी विचारील. मुंबईत त्यांचे नाव कज्जामुळे प्रत्येकाच्या तोंडी होते, सुरतेत ते औषधामुळे झाले. इतके उत्तर आम्हांस पुरेसे वाटते. 1918 साली त्यांना सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेत जागा देऊ केली गेली, ती त्यांनी नाकारली आणि राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचे काम पत्करले. 1929-30 च्या सुमारास त्या निवृत्त झाल्या. म्हणजे पदवीनंतर सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी एकच विद्या, एकच काम, दोनच गावी केले. निवृत्तीच्या सुमारास पडद्याच्या चालीविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि 25 सप्टेंबर 1955 रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षात, त्यांनी देह ठेवला.

आता आम्ही वाचकांस विचारतो : आनंदीबाईंचे नाव शाळेतील पोरास ठाऊक असते, रखमाबाईंच्या पस्तीस वर्षांचा हिशेब मोठ्यांसही का ठाऊक नसावा? आनंदीबाईंचे मोठेपण तिळमात्र कमी करण्याचा आमचा हेतू नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल दगावल्याचे दुःख पचवून सातासमुद्रांपलीकडे गेलेली ती मुलगी आम्हांस वंद्यच आहे. परंतु आमच्या समाजास आरंभाचा सोहळा आवडतो. मुलगी बोटीवर चढली, पदवी मिळाली, वर्तमानपत्रात तसबीर आली, की आमचे समाधान होते. त्यानंतर ती रोज सकाळी कामावर जाते की नाही, हे पाहण्यास कोणी थांबत नाही. व्यापारी दुकानाच्या उद्घाटनावर संतुष्ट राहिला तर त्याची पेढी किती दिवस चालेल? मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत मात्र आम्ही उद्घाटनाचाच नफा मोजतो.

कुरुळी, चिंबळी, निघोजे या पट्ट्यात आज हीच गोष्ट निराळ्या वेषात दिसते. मुलींस पदविका घेण्यास आता कोणी अडवीत नाही. 2024 साली महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, ठराविक प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले, हे योग्यच झाले. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली, आणि 50 वा अधिक माणसे कामास असतील तेथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. कायद्याने दिलेली ही सोय कोणत्या कारखान्यात कागदावर आहे व कोणत्या कारखान्यात जमिनीवर आहे, हे मुलीच्या बापाने जसे वराचे घर पाहतात तसे जाऊन पाहिले पाहिजे. परंतु पहिली नोकरी लागणे म्हणजे योजना झाली, हा जो समज आहे तो घातक आहे. योजनेची खरी कसोटी पंचविसाव्या ते पस्तिसाव्या वर्षांत लागते. लग्न, मूल, नवऱ्याची बदली, सासूचे आजारपण ही सर्व त्याच दहा वर्षांत येतात. यंत्रांची विद्याही त्याच दहा वर्षांत बदलते, आणि दोन वर्षे घरी बसलेल्या मुलीस ती ओळखीनाशी होते. त्या दहा वर्षांची तरतूद वहीत नसेल, तर बाकीचे रकाने रिकामेच राहावयाचे.

कायद्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. रखमाबाईंस ज्या कैदेची धमकी होती, ती तरतूद 1923 सालच्या दुरुस्तीने गेली. परंतु वैवाहिक हक्क परत मिळविण्याचा दावा गेला नाही. ज्या वर्षी रखमाबाई निवर्तल्या त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूच्या चारच महिने आधी, हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्याने घटस्फोटाचा हक्क दिला, आणि त्याच्याच 9 व्या कलमात तो जुना दावा पुनः बसविला. 1977 साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या शिक्षिकेने नवऱ्याच्या घरी राहावयास गेले पाहिजे, असा निर्णय दिला. 1978 साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने, सुनाम येथील एका मुख्याध्यापिकेच्या प्रकरणी, संसाराचे गाव नवऱ्यानेच ठरवावे असा कोणताही कायदा नाही, असे ठरविले. 1983 साली आंध्रच्या उच्च न्यायालयाने 9 वे कलमच घटनाबाह्य मानले, व पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. आम्ही दिल्लीच्या निकालाच्या बाजूचे आहोत, हे सांगावयास नकोच. ज्या दोघांचा संसार, त्या दोघांनी गाव ठरवावे. परंतु न्यायालये एकमेकांशी असहमत असता मुलीने आपल्या दहा वर्षांचा आधार त्यांवर ठेवावा, असा सल्ला आम्ही वकील असूनही देणार नाही. कोर्टाची पायरी रखमाबाई चार वर्षे चढल्या. कुरुळीच्या मुलीस तेवढा वेळ यंत्रापाशी हवा आहे.

म्हणून त्या गृहस्थांस आम्ही पुनः बोलावून घेतले व सांगितले की, मुद्रांकाचा कागद राहू द्या, साध्या कागदावर लिहा. दोन्ही घरची वडीलधारी मंडळी, मुलगा व मुलगी यांनी एकत्र बसावे, आणि मुलीची वही मध्ये ठेवावी. घर कोणत्या गावी, रात्रपाळी आली तर घरचे कोण काय करील, मूल झाल्यावर रजा किती व नंतर मूल कोणापाशी, पदवीच्या शुल्काचा पैसा कोणाच्या पगारातून, मुलाची बदली झाली तर मुलीच्या नोकरीचे काय : या प्रत्येकापुढे उत्तर लिहावे. 'पाहू' हा शब्द त्या कागदावर चालणार नाही. आणि मुलगी बोलत असता तिच्या बापाने तिच्या वतीने बोलू नये, हीही अट आम्ही घातली. ती त्यांस किंचित जड गेलेली दिसली.

गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की, वरपक्ष एवढ्याने बिथरला तर? आम्ही त्यांस रखमाबाईंचे 2000 रुपये व चार वर्षे यांची आठवण दिली. आज बिथरला तर चहाच्या खर्चात निभावेल. येत्या रविवारी कुरुळीस ती बैठक ठरली आहे. आम्हांसही बोलावणे आहे. मात्र वकील म्हणून येऊ नका, असे मुलीने निरोपात मुद्दाम सांगून पाठविले आहे.